तुटक रेघ

साखर दोनशे दहा निघाली
तेव्हा शिंदखेड्याचे डॉक्टर म्हणाले, चाला.
मी म्हटलं, एकतीस वर्षं साखळी ओढली मोजणी खात्यात,
अख्खा तालुका माझ्या पोटऱ्यांत आहे.
ते हसले.
म्हणाले, आता मोजू नका. नुसतं चाला.

गावनकाशात
गाडीवाट म्हणजे दोन तुटक रेघा,
पाऊलवाट म्हणजे एकच.
मी एकीची निवडतो.

मरीमाईच्या निंबापासून निघायचं, उजाडायच्या आत.
उजव्या हाताला दादरचं रान, ताटं डोक्यावर गेलेली;
आत कोणी खोकलं तर शेत खोकल्यासारखं वाटतं.
डाव्या हाताला वंजी पाटलाचा बांध,
दर नांगरटीला वीतभर सरकणारा.
मला माहीत आहे. मी बोलत नाही.
पुढे नाला: पावसाळ्यात सहा दगड, एरवी एक उडी,
हल्ली दीड.
पलीकडे टाकळ्याच्या शेंगा वाजतात
आणि टिटवी रोजच्यासारखा
माझ्यावर चोरीचा आळ घेते.

"कथा चालनात, दादा?"
शेळ्यांमागून सुपडाबाई विचारते.
कुठे नाही, म्हणतो.
ती शेळ्यांना सांगते, ऐका,
माणूस इतक्या पहाटे कुठेच चालला नाही.

टेकाडावर दम खायला एक सपाट धोंडा आहे.
तिथून सातपुडा दिसतो,
कधी निळा, कधी नुसता संशय.
आणि त्याच्या अलीकडे तापी,
मावळतीकडे तोंड करून निघालेली
धरणापाशी अडून रुंद झालेली.
तिचा काठ मला कधीच मोजता आला नाही.
आषाढात तो बाभळीच्या बुंध्याशी यायचा,
माघात अर्धा कोस खाली.
कागदावर मी "नदीपात्र" लिहायचो
आणि पेन्सिल कानावर ठेवायचो.

खाली वाळूत धुडकू भोयाचा वेल.
जाळं वाळत घालता घालता तो डांगर फोडतो,
फोड पुढे करतो.
साखर आहे रे, म्हटलं
तर म्हणतो, मग अर्धी घ्या.
अर्धी घेतो.
अर्धीनंतरची अर्धीही घेतो.
हे डॉक्टरांना सांगायचं नाही.

एवढीच वाट. जायला तास, यायला सव्वा.

पण मे संपता संपता, पाणी तळाला गेलं की
आणखी एक वाट वर येते,
नव्या कुठल्याच नकाशात नसलेली.
जुन्या गावाची सडक.
डांबराला भेगा, भेगांत शिंपले,
कडेला मैलाचा दगड:
गावाचं नाव पाण्यानं चाटून नेलेलं,
आकडा तेवढा उरलाय, चार.
कशापासून चार, हे दगडालाही आता आठवत नसावं.

त्या एका दिवशी कस्तुरा माझ्यासोबत येते.
सोबत म्हणजे पुढे.
एरवी गुडघा धरून चालणारी बाई
त्या गाळात असं चालते
की मला हाक मारून थांबवावी लागते,
आणि ती थांबत नाही.

याच गावाची मोजणी माझ्या हातची.
संपादनाची. फाल्गुनातली. ऊन चढायच्या आत उरकलेली.
साखळीचं दुसरं टोक तिच्या भावानं धरलं होतं,
आणि तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं होतं,
न विचारता, सरकारच्या माणसाला.
बापाचं घर मी लिहिलं: अठरा फूट बाय बत्तीस.
माती, कौलारू, एक गोठा.
पुढच्या वर्षी त्याच बापाकडे मागणं घातलं.
त्यानं मोजमाप विचारलं नाही.

आता सगळा गाळ सारखाच.
ना भिंत, ना जोतं,
एक बगळा आणि उन्हात तडकलेली माती.
मी डोळ्यांनी बत्तीस फूट शोधतो, सापडत नाहीत.
ती एका जागी थांबते.
चपला काढते, जोडीनं ठेवते.
मग पाय जरा उंच उचलते,
उंबऱ्याला लागू नये इतकाच,
आणि आत जाते.

मी बाहेर उभा.
बऱ्याच वेळानं, मागे न बघता,
आतून म्हणाली,
पाय धुऊन या.

पाणी वीस पावलांवर होतं.
मी मोजली.