चार ओळी, स्मरणिकेसाठी

संपादकांचा निरोप आला:
‘मढवी मॅडमच्या दूरदृष्टीवर चार ओळी द्या,
तुम्ही पहिल्यापासून आहात.’

पहिल्यापासून म्हणजे महापेच्या गाळ्यापासून.
खाली एकजण पॅकिंगची खोकी बनवायचा,
वर आम्ही पाचजण,
दोन सोल्डरिंग गन, एक पंखा,
आणि खाडीच्या पाण्यानं भरलेलं निळं पिंप.
मुलाखतीला आलेल्याला ती आधी पिंपाजवळ उभं करायची.
नाक मुरडलं नाही तर घ्यायची.
(मी मुरडलं होतं.
मला का घेतलं, अजून विचारलेलं नाही.)

दूरदृष्टीचं म्हणाल तर
तिला जवळचं दिसत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक.
चष्मा कायम दुसऱ्या टेबलावर.
करारनामे हात लांब करून वाचते,
हात पुरला नाही की मला वाचायला लावते.

बाप घणसोलीच्या मिठागरावर उघाडी सांभाळायचा.
रात्री झोपडीतून हाक:
‘पानी कवरा चरला गो?’
आणि ही आठ वर्षांची, कंदील घेऊन बांधावर,
खुंटाच्या गाठी मोजत.
मिठागर गेलं, वर सेक्टर आले.
सेक्टरांना नंबर पडले, नाल्यांना पडले,
पाण्याला कुणी नंबर दिला नव्हता.
तो आपण द्यायचा, म्हणाली.
योजना म्हणतात ती एवढीच. कागदावर अर्धं पानही नव्हती.

पुण्याहून पैसेवाले आले.
‘हाच सेन्सर पार्किंगला लावा, दोन वर्षांत दहापट.’
तिनं त्यांना सुकट-भाकरी वाढली
आणि हात धुता धुता नाही म्हणाली.
पुढचे सात महिने अर्धा पगार.
कुरियाकोस बंगळुरूला गेला, जाताना रडला.
माझा राजीनामा खणात होता,
घराचा हप्ता पाच तारखेला असायचा,
आणि त्या दिवसांत मी तिला मनात काय काय म्हटलंय
ते स्मरणिकेत छापता येणार नाही.

मग धारण तलावावरचं प्रात्यक्षिक.
पौर्णिमेची दुसरी दुपार, भरती ऐन रंगात,
पडद्यावर ठळक हिरवा आकडा: एक पॉइंट चार.
अधिकारी खूश, आम्ही खूश, समोसे सांगून झालेले.
ती पडद्याकडे पाठ करून उभी होती.
‘आकडा चुकीचा आहे,’ म्हणाली, सगळ्यांसमोर,
‘निवट्या भिंतीच्या तिसऱ्या दगडावर चढल्यात.’

काम गेलं.
समोसे आम्ही गाडीत खाल्ले, कुणी कुणाशी बोललं नाही.
ओहोटीला ती साडी खोचून चिखलात उतरली,
मी बॅटरी धरून काठावर.
सेन्सरच्या तोंडावर कालवं बसली होती,
नखाएवढी, चिकट, आपापल्या संसारात.
चाळीस नग भंगारात काढले.
तोंड बदललं. पुन्हा बदललं. सहाव्यांदा जमलं.

दीड वर्षानं त्याच अधिकाऱ्याचा फोन आला.
का, ते त्यानं सांगितलं नाही.

आता रबाळ्याला सहा मजले आहेत, चारशे माणसं,
किनाऱ्याकिनाऱ्यानं पार तिकडे तुतिकोरिनपर्यंत उघाड्या आपल्या नोंदीवर.
डिझायनरनं ते निळं पिंप लॉबीत काचेआड ठेवलं,
तिनं काच काढायला लावली.
पाहुणे रुमाल शोधतात.
‘दूरदर्शी नेतृत्व’ कोरलेलं मानचिन्ह
कॅन्टीनच्या दाराला अडसर म्हणून बरं बसतं.

आणि अमावास्येला रात्री एक वाजता
माझा फोन वाजतो.
ॲपमध्ये सगळं आहे, लाल, हिरवं, तासातासाचं,
तिनंच हट्टानं करवून घेतलंय.
पण चष्मा सापडत नसतो.
‘पानी कवरा चरला रे?’
मी अंथरुणात उठून बसतो, बायको कूस बदलते,
आकडा सांगतो.
पलीकडे खिडकीची कडी काढल्याचा आवाज.
बराच वेळ काही नाही.
मग ‘हं.’

चार ओळींचं उद्या बघतो.