विकत घेतलेला मासा

गळ-आमिषाच्या दुकानात भिंतभर मासे,
काळ्या शाईचे, खऱ्या मापाचे.
प्रत्येकाखाली तोकुजीचं अक्षर:
तारीख, खडकाचं नाव, लांबी, वजन,
आणि कोपऱ्यात, जरा बारीक,
साक्षीदार: मित्सुए.

एकेचाळीस वर्षं ती साक्षीदार होती.
पहाटे धक्क्यावर उभी राहायची,
तराजू धरायची,
ओला कागद ताणला की मासा बोटभर वाढतो
हे ठाऊक असून गप्प बसायची.
"बोलतो तो कागद," तोकुजी म्हणायचा,
"मी कुठं काय बोललो?"

आज नातीचा शंभरावा दिवस.
आज तिला भरवायचं,
म्हणजे भरवल्यासारखं करायचं:
घास ओठाला टेकवायचा नि खायचा मोठ्यांनी.
ताटात मासा अख्खा हवा, डोक्यासकट, शेपटीसकट,
आणि लाल.
नाव ताई, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं.
मंगल म्हणजे त्यांच्यात 'मेदेताई',
शब्दाच्या पोटातच हा पोहतो,
म्हणून लग्नात हा, बारशात हा,
कुस्ती जिंकलेल्याच्या हातात हाच.

"भाजण्याआधी ठसा घ्यायचा?" सुनेनं विचारलं.
घेणारा तर तीन वर्षांपूर्वीच गेला.

मित्सुएनं बाह्या बांधल्या.
मीठ चोळून बुळबुळ काढली,
कल्ल्यांत कापूस,
पर टाचण्यांवर उभे.
शाई काजळीची, धुतली की जाते;
ती शेपटीकडून डोक्याकडे, खवल्यांच्या उलट.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
डोळा तेवढा कोरडा ठेवायचा.
मग कागद, मग तळवा,
पोटावरून, पाठीवरून, पराच्या एकेका काट्यावरून,
झोपेत कण्हणाऱ्याची पाठ चाचपावी तसा.

कागद तिनं ताणला नाही.

खाली लिहायला बसली नि अडली.
पकडला कुणी?
विकतच्या माशाचा ठसा
तोकुजीनं उंबऱ्याआत येऊ दिला नसता.
चिडला असता, मग हसला असता,
मग पुन्हा चिडला असता, हसल्याबद्दल.
तिनं कुंचल्याचं टोक जिभेवर ओढलं आणि लिहिलं:
बाजारातून. अठ्ठावीसशे येन. छत्तीस सेंटिमीटर.
साक्षीदाराची जागा तशीच राहिली.
इतोहा गादीवर पडून
स्वतःची मूठ चोखत होती.

डोळा शेवटी, हातानं काढायचा.
तोकुजीचे सगळे मासे समोर बघतात,
आत्ताच कुणी नावानं हाक मारल्यासारखे.
मित्सुएचा हात हलला.
बुबुळ घसरलं किंचित खाली,
त्यामुळे हा एकटाच भिंतीवरून
तिरका बघतोय स्वयंपाकघराकडे,
जिथं धुतलेला, मीठ लावलेला तोच
जाळीवर चरचरतोय
आणि ती सुनेला ओरडून सांगतेय,
शेपटीला मीठ जास्त लाव गं,
जळायला नको.