चाळणीवर उरलेलं

गिरमिट अठराव्या सेंटिमीटरला वाजलं.
जागा बदलली. चौदा.
करवंदीच्या बुडाशी बावीस,
तेवढ्यानंही मला बरं वाटलं.
उतार छत्तीस टक्के.
रंग: भाजलेल्या नाचणीचा.
तक्त्यात असा रंग नाही,
म्हणून तक्त्यातला आकडा लिहिला.

मुरबाडच्या पुढं, डांबर संपल्यावर तासभर चढण,
पोशी आगिवले अनवाणी पुढं,
मी बुटांत,
आणि घसरत होते मीच.

मार्गशीर्ष. कापलेल्या खुरासणीचे खुंट.
नमुन्यासाठी जागा साफ करावी म्हणून
मी एक दगड उचलला.
"ठेव त्यो."
दगड होता तिथं तळहाताएवढी ओल,
आणि झोपमोड झालेली एक गोम.
मी दगड ठेवला,
आधी होता तसाच, त्याच कुशीवर.

समोरच्या डोंगरावर योजनेचे चर.
यंत्रानं खणलेले,
कागदावर पट्टी ठेवून मारावेत तसे सरळ.
वितीखाली काय आहे हे न विचारता खणले.
मुरूम वर आला, माती त्याच्या पोटात गेली,
आणि श्रावणात एका रात्री
वरचा चर खालच्यात फुटला, खालचा त्याच्या खालच्यात.
अजून दिसतो तो ओरखडा.
"गुडघा सोललाय," पोशी म्हणते
आणि स्वतःचा गुडघा चोळते.

तिचा हिशेब तोंडी:
एक साल नागली, दुसऱ्या साली वरई,
तिसऱ्या साली खुरासणी. मग हात काढून घ्यायचा.
कुडा कमरेवर छाटायचा, मूळ उपटायचं नाही.
"आणि मग किती वर्षं पडीक?"
शब्द तिला खड्यासारखा लागला.
"बाळंतिणीला पडीक म्हणत्यात का गं तुमच्यात?"

ठाण्याला, प्रयोगशाळेत,
तांडेलांनी नमुना सावलीत वाळवला,
लाकडी मोगरीनं हलकेच फोडला,
दोन मिलिमीटरच्या चाळणीवर ओतला.
किलोतले तीनशे नव्वद ग्रॅम खाली पडले.
"ही तुमची माती."
बाकीचं त्यांनी बादलीत टाकलं.
नियमच आहे तसा,
चाळणीवर उरतं ते धरायचं नाही.

सामू सहा पूर्णांक एक.
नत्र कमी. स्फुरद नावापुरतं.
वर्ग सातवा, लागवडीस अयोग्य.
यातलं काहीच खोटं नव्हतं.
शेऱ्याच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं.

मी बादलीतले खडे परत मागितले.
तांडेलांनी चष्म्यावरून पाहिलं,
काही विचारलं नाही,
पिशवीला गाठ तेवढी मारून दिली.

फाल्गुनात गेले तेव्हा पोशी ताल रचत होती.
"दगड यष्टीनं आणलंस?
तिकीट काढलंस का त्येंचं?"
तिच्या जावयाला हसू आवरेना, मलाही.
हसता हसताच तिनं पिशवी उपडी केली,
मोठे सांदीत कोंबले,
बारीक वरच्या अंगाला, मूठमूठ पसरून.
पाणी जाईल, माती अडेल.

म्हणजे हीही चाळणीच,
उताराला आडवी, गुडघाभर उंच.
फक्त इथं वर उरतं ते ठेवायचं
आणि पुढच्या वर्षी त्यात बी टोकायचं.

एक खडा तिनं बाजूला काढला होता.
तीन काठ्या बांधून केलेल्या त्रिकोणाच्या शेंड्यावरून
सुतळी लोंबत होती, तिला तो बांधला.
"धर सरळ."
मी धरला.
खडा डावीकडं गेला, उजवीकडं गेला,
जावयानं मागची काठी बोटभर खाली सरकवली.
आम्ही तिघंही वाट पाहत राहिलो
तो थांबायची.