उणे तीन ते अधिक तीन

सित्राच्या यार्डात, ऑगस्टमध्ये,
बारा ते चार काम बंद असतं.
त्या चार तासांत मी फॉर्म भरून घेते.
तिवईवर तांब्याचा काळा गोळा, पोटात थर्मामीटर,
शेजारी दोन नळ्या, एक कोरडी, एक ओल्या वातीची.
हवेला विचारायचं ते ही मंडळी विचारतात.
माणसांचं माझ्याकडे:

आत्ता, या क्षणी, तुम्हाला कसं वाटतंय?

खाने सात.
उणे तीन म्हणजे हुडहुडी,
अधिक तीन म्हणजे भाजून निघणं,
मधलं शून्य, छापलंय तसं सांगते,
'ना गरम ना गार, बदल नको.'

मोफज्जलने पेन बराच वेळ नुसतं धरून ठेवलं.
मग विचारलं, नापास झालो तर परत पाठवतात का?

येल्लय्याने सातही खान्यांत खुणा केल्या.
सकाळपासून सगळं होऊन गेलंय म्हणाला.

सखाहरी ढवळे, मंगरूळपीर, परांच्या बांधणारा,
माझी भाषा ऐकून आधी हसला,
मग म्हणाला, चालतंय लिहा.
चालतंय असा खाना नाही, भाऊ.
मग तो काढा, ताई. सगळे त्यातच बसतील.

मी परभणीची. ऊन मला नवं नाही.
आमचं पंचेचाळीस कोरडं,
घाम पिऊन टाकतं
आणि बदल्यात अंगाला गारवा देऊन जातं.
व्यवहार चोख.
इथे छत्तीसच, पण समुद्र हवेत येऊन बसलेला.
घाम निघतो, त्याला जायला जागा नसते,
कोपरावरून ठिबकत बुटात उतरतो.
ओली नळी आणि कोरडी, दोघींचे आकडे
एकमेकींना भेटायला निघाले
की मी वहीत तांबडी रेघ मारते.

ढवळे सांगतो, पहिल्या वर्षी
शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उठायचे,
घाम डोळ्यांत चरचरायचा.
पंधरा दिवसांनी आळणी झाला.
हे पुस्तकात आहे, मी म्हणते.
शरीर मीठ राखायला शिकतं,
पाणी लवकर सोडतं, सढळ हाताने,
ठोके कमी पडतात.
म्हणजे स्वतःपाशी कमी ठेवून घरी पाठवायचं, तसंच का?
मी उत्तर देत नाही.

आणि सुट्टीवर गेलात की?
चाळीस दिवस, ताई. रात्री गच्चीवर पडायचं, पहाटे चादर लागते.
परत आलो की पहिला आठवडा कोरा माणूस.
फोरमन ओळखतो, ऊन ओळखत नाही.

मागच्या जूनमध्ये त्याच्या खोलीतला बलिस्टर
असाच सुट्टीवरून आला, तिसऱ्या दिवशी
परांचीच्या चौथ्या टप्प्यावर बसून राहिला.
उतर म्हटलं की हसायचा.
अंग तापलेलं, घामाचा टिपूस नाही.
मासळीवाल्याचा बर्फ ओतला त्याच्यावर, बुडख्यांसकट.
वाचला. आता मेसमध्ये असतो, तंदूरपाशी.
तिथे काही वाटत नाही म्हणतो.

सहीसाठी ढवळेला केबिनमध्ये आणलं.
एसी बावीसवर, कंपनीचा नियम.
दोन मिनिटांत त्याच्या दंडावर काटा आला.
फॉर्म ओढून घेतला, माझ्या हातातलं पेनही,
आणि उणे दोनवर खूण केली, कागद फाटेल अशी.
दिवसभरातलं पहिलं ठाम उत्तर.

बंद करू का?

नको.
बसू द्या थोडं.
वाजू द्या थंडी.

घरी विनायक एकोणीसवर ठेवतो.
मी पायमोजे घालून झोपते, भांडण नको म्हणून.
पहाटे बाल्कनीचं दार उघडलं
की चष्म्यावर एकदम धुकं चढतं,
समोरची मशीद, पाण्याच्या टाक्या, क्रेन,
सगळं पांढरं.
पूर्वी पदराने पुसायचे.
आता उभी राहते,
काच बाहेरच्याइतकी गरम होईपर्यंत.