तीन नंबरचं लेणं

पायऱ्या चढताना लागलेला दम
पेन्सिलीत उतरतो, पहिली रेघ हलते.
गायधनी सर म्हणायचे, हलू दे, खोडू नको,
तिच्यावरच पुढची टेकव.

जोत्याशी सहा यक्ष, कमरेपर्यंत जमिनीत,
खांद्यावर तुळया.
चौथ्याचं नाक गेलंय. मी त्याच्यासमोर बसते.
टू-बीनं गाल, सिक्स-बीनं काख,
मग श्रीखंडाच्या डब्यातलं पाणी
आणि थेंबभर काळा.

एप्रिलचं ऊन ब्रशमधलंच पाणी पितं.
वॉशची कड वाळली नको तिथे,
नेमकी खांद्यावर.

टिपायला कापूस उचलला
आणि थांबले.
ओझं
तिथंच तर होतं.

खाली हायवेवर ट्रक गिअर बदलतायत.
नाक काढलं नाही.
तेवढा कागद कोरा ठेवला.