उणे ऐंशी

तळघरातल्या चार नंबरच्या फ्रीझरला
आम्ही म्हातारा म्हणतो.
उणे ऐंशीवर तो रात्रभर कण्हत असतो.
कण्हणं थांबलं, की पहाटे तीनला
मार्लिस ओकरलुंडचा फोन वाजतो
आणि ती नाइटगाउनवर कोट चढवून
बर्फातून गाडी काढते.
एकतीस वर्षं तिनं
दुसऱ्यांच्या शोधांची थंडी राखली.

तिच्या आधी इथं व्हर्नन टफ्ट होता.
तेव्हा लोक कॉफीच्या डब्यातून माती आणायचे,
मागच्या दारानं, बूट न पुसता,
टेबलावर ओतायचे आणि विचारायचे,
हिला काय झालंय?
उत्तर पोस्टकार्डावरून जायचं.
चुकीचं निघालं, तर दुसरं पोस्टकार्ड.

मग राजधानीचा पैसा आला, युद्धामागून युद्धाचा.
इमारतींना मजले फुटले.
प्राध्यापक वर्गातून वर सरकत सरकत
अर्ज लिहायच्या खोल्यांत पोचले.
मागच्या दाराला कार्ड लागलं,
मातीला करारपत्र.
पेटंटवाल्या वकिलांनी कॉफीचं मशीन बदललं
(ते मात्र चांगलं निघालं, खोटं का बोला).

मंगळवारी दोन ओळींचं पत्र:
आपला प्रकल्प सध्याच्या प्राधान्यक्रमात बसत नाही.
महिनाअखेर जागा रिकामी करावी.

यादी करायला पा हुआ बसली, दुसऱ्या वर्षाची.
तिची चार वर्षांची फी
मार्लिसच्या पहिल्या घराहून महाग;
दोघींनी एकदा हिशोब मांडून पाहिला होता,
आणि मग बराच वेळ कोणी बोललं नव्हतं.

नळी काढायची. क्रमांक वाचायचा.
ठेवायची, की टाकायची.
सगळ्यात तळाशी, दंवाच्या सालीखाली,
एक कॉफीचा डबा.
व्हर्ननचं अक्षर, पेन्सिलीतलं, कारण शाई थंडीत गळते:
पश्चिमेकडचा उतार, एकसष्ट. उत्तर दिलेलं नाही.

"ह्याचं काय करायचं होतं?"
मार्लिसनं हातमोजा काढला,
उघड्या बोटांनी झाकण चाचपलं, चटका बसेपर्यंत.
"माहीत असतं,
तर केव्हाच फेकला असता."

बाहेर स्टेडियमचे नवे दिवे लागले होते,
देणगीदाराचं नाव पार्किंगपर्यंत उजळत होतं.
त्या उजेडात दोघी डबा टॉवेलात गुंडाळून
गाडीपर्यंत चालत गेल्या.
मार्लिसच्या गॅरेजात एक फ्रीझर आहे,
नवऱ्याचा, हरणाच्या मांसाचा.
जेमतेम उणे अठरा धरतो.

"चालेल का?" पा हुआनं विचारलं.
मार्लिस काच खरवडत राहिली.
"नाही," ती म्हणाली,
आणि पुढचं दार उघडून दिलं.