धुराड्यावरचा डबा

अकरा हिवाळे गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता
बापानं घेतलेला करडा फर्ग्युसन.
वेस्ट्रे बेटावर झाडं नाहीत. वाऱ्याला अडवणारं जे काही आहे
ते दगडाचं आहे, नाहीतर हट्टाचं.
मीठ सगळ्यांत शिरतं इथे,
बिजागरीत, पावात, भावाबहिणीच्या बोलण्यात.

एप्रिलात एडविन परत आला. कमरेत वाकलेला.
चहासुद्धा न घेता त्यानं हँडल घातलं, जोर लावला.
इंजिन हूं नाही की चूं नाही.
"दातखीळ बसलीय," तो म्हणाला.
धुराड्यावर डबा नव्हता.
त्यानं वर पाहिलं,
मग बराच वेळ टायरकडे पाहिलं.
डब्याचं काही बोलला नाही.
मीही नाही.

चारही प्लग काढले.
डिझेल आणि गिअरचं लालसर तेल, निम्मं-निम्मं,
जुन्या किटलीनं चार भोकांत ओतलं
आणि मग थांबलो.
मला थांबता येत नाही.
केक फुगला का बघायला ओव्हन उघडणाऱ्या पोरासारखी
मी रोज सकाळी हँडलला लोंबकळायची.
"मोडशील," तो गोठ्यातून ओरडायचा.
पहिल्या, दुसऱ्या, चौथ्यातलं तेल हळूहळू मुरलं.
तिसऱ्यातलं जिथल्या तिथे.
टॉर्च धरली की खालून टॉर्चच चमकायची.

दहाव्या दिवशी हेड उतरवलं.
नटांना आच दिली, शिव्या दिल्या, पुन्हा आच.
तिसऱ्याची झडप उघडी राहिली होती.
तिथूनच उतरलं होतं अकरा वर्षांचं आभाळ,
थेंब थेंब, धुराड्याच्या नळीनं.
आत गंजाचं कडं,
ओहोटीनंतर धक्क्याच्या भिंतीवर राहतं तसं.
एडविननं त्यावरून अंगठा फिरवला
आणि पँटला पुसला.

डबा सिरपचा होता. हिरवा, सोनेरी कडांचा.
त्या ऑगस्टात मीच काढला,
शिंपले गोळा करायला. भरती चढत होती,
हाताला तोच लागला.
संध्याकाळी ठेवीन म्हटलं.
संध्याकाळी आमचं भांडण झालं, कुंपणावरून,
आणि एडविन बोटीत बसला.
डबा मोरीच्या खिडकीत आहे,
त्यात साबणाचे उरलेले तुकडे असतात.
रोज काम झाल्यावर
एडविन त्यातूनच साबण घेतो.

किनाऱ्याला लागलेला एक ठोकळा होता,
कुठल्याशा जहाजाचा ओक.
तो पिस्टनवर ठेवून लाकडी हातोड्यानं
टक. टक. दार वाजवावं तितकंच.
पुलीवर खडूची रेघ ओढलेली.
मी रेघेकडे बघायचं, त्यानं ठोकायचं.
दोन दिवस रेघ मेलेली होती.
तिसऱ्या दिवशी, जेवायच्या आधी,
ती सरकली. जवभर.
आमच्या शेतात जवच पिकतो,
जवभर म्हणजे किती हे आम्हाला विचारा.
"हलली," मी म्हटलं.
"डोळे फुटले असतील तुझे," तो म्हणाला,
आणि हातोडा ठेवून खाली बसला.

गॅस्केट कर्कवॉलहून यायचं होतं,
वाऱ्यानं बोट चार दिवस अडवली.
मग एका मंगळवारी हँडलचा सातवा फेरा,
पांढरा धूर, खोकला, निळा धूर,
तीन सिलिंडर बोलू लागले
आणि चौथा, मागून, अडखळत.
गाईंनी माना वळवल्या.
मी काहीतरी ओरडले, मलाच ऐकू आलं नाही.

अर्ध्या तासानं त्यानं इंजिन बंद केलं,
हात धुवायला घरात गेला.
बाहेर आला तो डबा घेऊनच.
खिळ्यानं बुडाला भोक पाडलं, तार ओवली,
तारेचं दुसरं टोक धुराड्याला बांधलं.
दोन वेढे.
मग माझ्याकडे न बघता तिसरा.
डबा आता काढता येईल, नेता येणार नाही.

"साबण," तो म्हणाला,
"बशीत ठेवलाय."